विश्लेषण : ‘रॉ’ फोटोतला शार्पनेस नेमका कुठे हरवतो? ॲन्सेल ॲडम्स यांच्या निगेटिव्ह काय सांगतात?

‘रॉ’ स्वरूपात फोटो टिपण्याची सोय आता अनेक मोबाइलमध्येही आली आहे. मात्र रॉ फाइलचा जेपीईजी केला, की डोंगरकड्याच्या भेगा, पानांच्या शिरा, डोळ्यांच्या पापण्या मऊ पडतात, ही तक्रार नेहमीची. ती डिजिटल कॅमेऱ्याबरोबर जन्मलेली नाही. निगेटिव्हमध्ये असलेला तपशील प्रिंटमध्ये जसाच्या तसा कसा उतरवायचा, या एका प्रश्नावर अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी आयुष्यातली पन्नासहून अधिक वर्षे घालवली.

पियानो सुटला, कॅमेरा उरला…

ॲडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. १९०६ च्या भूकंपानंतरच्या एका धक्क्यात चार वर्षांचा ॲन्सेल बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचे नाक मोडले, ते कायमचेच वाकडे राहिले. शाळेत तो रमला नाही. वडिलांनी घरीच शिक्षणाची सोय केली. मन लागले ते पियानोत. १९१६ मध्ये कुटुंबासह योसेमिटीच्या दरीत गेल्यावर आईवडिलांनी कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा हाती दिला. पुढची अनेक वर्षे शहरात पियानो आणि उन्हाळ्यात डोंगर असेच चालले. संगीताचा हा रियाज वाया गेला नाही. निगेटिव्ह ही संगीताची स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे वादन, अशी तुलना ते पुढे नेहमी करत. रॉ फाइल समजून घ्यायला याहून सोपी वाट नाही.

एकच प्लेट, दोन प्रिंट

१० एप्रिल १९२७ रोजी ॲडम्स होणारी पत्नी व्हर्जिनिया बेस्ट आणि काही मित्रांसह ‘हाफ डोम’च्या कड्यासमोरच्या उंच सुळक्यावर चढले. पाठीवर जड कॅमेरा आणि काचेच्या १२ प्लेट होत्या. कड्यासमोर पोहोचेपर्यंत त्यातल्या दोनच उरल्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून टिपली. मग लक्षात आले, की यात आकाश फिके येईल आणि कड्याची भव्यता उतरणार नाही. शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळे झाले. अंतिम प्रिंट कशी दिसणार, हे शटर उघडण्याआधीच ठरवण्याची त्यांची पद्धत इथे सुरू झाली.

गंमत पुढे आहे. त्याच वर्षी निघालेल्या संचासाठी ही छायाचित्रे पोत असलेल्या, पार्चमेंटसारख्या कागदावर छापली गेली. फोटो म्हटले तर कलाप्रेमी विकत घेणार नाहीत, या धास्तीने त्यांना ‘पार्मेलियन प्रिंट्स’ असे बनावट नावही दिले गेले. धूसर, चित्रासारख्या फोटोंची तेव्हा चलती होती. काचेच्या प्लेटवर असलेला बारीक तपशील कागदाच्या पोतात विरून गेला. तीच प्लेट ॲडम्स यांनी पुढे गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापली, तेव्हा खडकाचा कण न् कण उठून दिसला. तपशील आधीही तिथेच होता. तो रूपांतरात गळला होता.

हा बदल घडला १९३० मध्ये. न्यू मेक्सिकोतील ताओस येथे पॉल स्ट्रँड यांनी ॲडम्सना आपल्या निगेटिव्ह दाखवल्या. प्रिंट हाताशी नव्हत्याच. त्या काटेकोर निगेटिव्ह उजेडात पाहून ॲडम्स यांनी पियानो सोडून छायाचित्रण हाच व्यवसाय करायचे ठरवले. १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींसह त्यांनी ‘ग्रुप एफ/६४’ स्थापन केला. एफ/६४ म्हणजे लेन्सचे अगदी बारीक छिद्र, ज्याने जवळचे-दूरचे सारे रेखीव येते. आज कोणी छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात तसे करू पाहील तर फसेल. छिद्र फार बारीक केले की प्रकाश पसरतो आणि सगळेच किंचित धूसर होते. मोठ्या आकाराच्या प्लेटला ते परवडत होते.

रॉ फाइलमध्ये काय असते?

सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. हा अंदाज रूपांतर करणारे सॉफ्टवेअर बांधते. त्यामुळे न उजळलेली रॉ प्रतिमा थोडी मऊ दिसणारच. कॅमेऱ्यातून थेट मिळणारा जेपीईजी अधिक शार्प वाटतो, कारण कॅमेऱ्याने त्यावर आधीच हात फिरवलेला असतो. शिवाय १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी १६,३८४ पायऱ्या असू शकतात, तर जेपीईजीत प्रत्येक रंगाला २५६. छटांची कामे रूपांतराआधी, १६ बिटमध्येच उरकायची ती यासाठी.

मूनराइजची किंमत

छटा मोजून-मापून हाताळण्याची ‘झोन सिस्टिम’ ॲडम्स यांनी १९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर यांच्यासह लॉस एंजेलिसमध्ये शिकवताना रचली. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे भाग पाडायचे आणि दृश्यातला कोणता भाग कुठे बसवायचा हे आधी ठरवायचे. १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाशी तिचा कस लागला. मावळतीचा उजेड दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर होता, वर चंद्र होता आणि लाइट मीटर सापडत नव्हता. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती; तिच्यावरून त्यांनी एक्स्पोजर काढले. एक फोटो निघाला. दुसऱ्यासाठी प्लेट उलटवेपर्यंत क्रुसांवरचा उजेड गेला.

चंद्र वाचला, पण जमिनीचा भाग निगेटिव्हमध्ये फार पातळ आला. १९४८ मध्ये ॲडम्स यांनी एकुलत्या एका निगेटिव्हचा तो भाग रसायनात बुडवून गडद केला. जरा चूक झाली असती तर सारेच गेले असते. या एका निगेटिव्हच्या त्यांनी १,३०० हून अधिक प्रिंट काढल्या. जुन्यांत आकाशात ढग दिसतात, नंतरच्यांत ते जवळजवळ काळे आहे.

डिजिटलमध्ये शार्पनेसचा सर्वात मोठा चोर इथेच सापडतो. अंधारा फोटो रूपांतरात उजळला की दाणे दिसतात, दाणे घालवायला नॉइज रिडक्शन लावले जाते आणि ते दाण्यांबरोबर केस, गवत, कापडाची वीणही पुसून टाकते. दुसरीकडे, पूर्ण पांढरा पडलेला भाग रॉमधूनही परत येत नाही. पांढरे वाचेल इतपतच, पण सढळ उजेड घेणे हाच उपाय.

ओली प्रिंट आणि मायक्रोवेव्ह

ओली प्रिंट वाळल्यावर किंचित काळवंडते. डार्करूममध्ये ती पाहून निर्णय घेणे फसवे म्हणून उतारवयात ॲडम्स चाचणी प्रिंट चक्क मायक्रोवेव्हमध्ये वाळवून पाहत. पडद्यावर दुप्पट मोठा करून शार्पनेस वाढवणाऱ्यांची फसगत याच जातीची. सुरुवातीला हलकेसे शार्पनिंग, मग रंग-छटा, मग हव्या त्या आकाराला फोटो लहान करणे आणि त्यानंतर पडदा की कागद हे पाहून शेवटचे शार्पनिंग, हा क्रम पाळावा. आकार लहान करताना कडा बोथट होतात, त्यामुळे आधी केलेले जोरकस शार्पनिंग वाया जाते. उलट कडांभोवती पांढरी किनार तेवढी उरते. जेपीईजी एकदाच, उच्च दर्जाने साठवावा. तीच फाइल उघडून बदलून पुन्हा साठवली की दर वेळी तपशील झडतो. बदल हवा असेल तर रॉकडे परतावे. अर्थात ती जपलेली असली तर. १९३७ मध्ये योसेमिटीतल्या डार्करूमला लागलेल्या आगीत ॲडम्स यांच्या कित्येक निगेटिव्ह गेल्या.

कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट यांवर त्यांनी तीन वेगवेगळी पुस्तके लिहिली. निगेटिव्हवरच्या पुस्तकाच्या १९८१ च्या आवृत्तीत, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, इलेक्ट्रॉनिक प्रतिमांची आपण उत्सुकतेने वाट पाहत असल्याचे त्यांनी नमूद केले. २२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह ॲरिझोना विद्यापीठाच्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीमध्ये आहे. योसेमिटीच्या काही निवडक छायाचित्रांच्या प्रिंट मात्र त्यांच्यानंतरही त्यांचे सहायक ॲलन रॉस मूळ निगेटिव्हवरूनच, डार्करूममध्ये काढत राहिले.