लॅटिन काव्याच्या आद्य आवृत्त्यांचा धनी

इंग्लंडच्या नौदलाच्या इतिहासात दुसरे अर्ल स्पेन्सर यांचे नाव नेल्सनसोबत घेतले जाते. ग्रंथांच्या इतिहासात मात्र ते मोठ्या मानाने एकटेच उभे आहेत. व्हर्जिल, होरेस, ओव्हिड, ल्युक्रीशियस या प्राचीन लॅटिन कवींच्या प्रबोधनकाळात छापल्या गेलेल्या पहिल्यावहिल्या आवृत्त्या एका छपराखाली आणण्याचा ध्यास त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे जोपासला. राजकुमारी डायना ज्या घराण्यातली, त्याच घराण्याचे हे पूर्वज.

जॉर्ज जॉन स्पेन्सर यांचा जन्म १७५८ सालचा. सातव्या वर्षी त्यांना जे शिक्षक लाभले ते म्हणजे विल्यम जोन्स. हेच जोन्स पुढे न्यायाधीश म्हणून कोलकात्यास आले, १७८४ मध्ये त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली आणि कालिदासाचे शाकुंतल इंग्रजीत नेले. गुरुशिष्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले. भारतातूनही जोन्स आपल्या या शिष्याला दीर्घ पत्रे लिहीत. प्राचीन भाषांची गोडी स्पेन्सर यांना लागली ती अशा गुरूच्या सहवासात. हॅरो आणि केंब्रिज येथील शिक्षणाने ती दृढ झाली. १७८३ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर अर्ल हा किताब आणि नॉर्दम्प्टनशायरमधील ऑलथॉर्पचा वाडा त्यांच्याकडे आला.

संग्रहाला खरे वळण मिळाले ते १७९० च्या सुमारास. काउंट रेविट्झकी हे हंगेरियन सरदार ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे राजदूत म्हणून लंडनमध्ये होते. तेही जोन्स यांचे जुने स्नेही. दोघांमध्ये फारसी कवितेविषयी पत्रव्यवहार चाले. रेविट्झकी यांनी ग्रीक व लॅटिन ग्रंथांच्या आद्य आवृत्त्या वेचून जमवल्या होत्या. हा सारा संग्रह स्पेन्सर यांनी एक हजार पौंड रोख आणि पाचशे पौंडांचे वर्षासन या बोलीवर घेतला. १७९३ मध्ये रेविट्झकी निवर्तले आणि वर्षासन थांबले. अमूल्य ग्रंथ अगदी थोडक्या दामात पदरी पडले.

या आवृत्त्यांचे मोल केवळ जुनेपणात नव्हते. शतकानुशतके ही काव्ये हस्तलिखितांच्या आधाराने तगून होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील मुद्रकांनी ती खिळ्यांत बसवली आणि नकलाकारांच्या हातून ती कायमची सुटली. व्हर्जिलची आद्य आवृत्ती १४६९ च्या सुमारास रोममध्ये निघाली, तर ल्युक्रीशियसची १४७३ च्या सुमारास ब्रेशियात. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने तिरप्या वळणाच्या अक्षरात हातात मावेल असा व्हर्जिल काढला आणि अभ्यासिकेच्या मेजावरील कविता प्रवाशाच्या सोबतीला आली. आल्डसच्या छापखान्यातील पुस्तके हा स्पेन्सर यांच्या संग्रहाचा एक मोठा अलंकार ठरला.

हे सारे चालू असता ते राज्यकारभारातही गुंतले होते. १७९४ ते १८०१ या काळात नौदल खात्याची धुरा त्यांच्याकडे होती. १७९७ मधील खलाशांची बंडे त्यांना हाताळावी लागली. १७९८ मध्ये भूमध्य समुद्रातील मोहिमेसाठी नेल्सनला धाडण्याच्या निर्णयात त्यांचा मोठा वाटा होता. नाईलच्या विजयाची बातमी कळताच ते आपल्या दालनाबाहेर मूर्च्छित होऊन कोसळले, असे सांगतात.

राजकारणातून मोकळे झाल्यावर ग्रंथ हेच त्यांचे विश्व झाले. थॉमस डिब्डिन या ग्रंथवेड्या धर्मोपदेशकाने संग्रहाची सविस्तर सूची १८१४ पासून प्रसिद्ध केली आणि युरोपभर हिंडून दुर्मीळ प्रती मिळवल्या. १८१२ च्या गाजलेल्या रॉक्सबर्ग लिलावात बोकाचिओच्या १४७१ च्या प्रतीसाठी स्पेन्सर २,२५० पौंडांवर थांबले. प्रतिस्पर्धी मार्क्विस ऑफ ब्लँडफर्ड यांनी दहा पौंड चढवून ती नेली. पुढे ब्लँडफर्ड कर्जात बुडाले आणि तीच प्रत निम्म्याहून कमी किमतीत बाजारात येऊन अखेर ऑलथॉर्पला पोहोचली. नेपल्समध्ये १४७४ साली छापलेल्या अतिदुर्मीळ होरेससाठी तर त्यांनी ड्यूक ऑफ कसानो यांचे संपूर्ण ग्रंथालयच विकत घेतले आणि नको असलेली पुस्तके नंतर लिलावात काढली.

या ध्यासाला एक उणी बाजूही होती. पाने शुभ्र, समास कोरे आणि बांधणी नवी, हा त्या काळच्या श्रीमंत संग्राहकांचा आग्रह असे. त्यासाठी जुनी पाने धुतली जात, मूळ बांधणी काढून रॉजर पेन यांच्यासारख्या कुशल कारागिरांकडून नवे कातडी वेष्टन चढवले जाई. त्यात पंधराव्या-सोळाव्या शतकांतील वाचकांनी समासात लिहिलेल्या टिपा कायमच्या पुसल्या गेल्या. आजच्या अभ्यासकांना नेमक्या त्याच टिपा हव्या असतात. ग्रंथ वाचले, परंतु त्यांच्या वाचकांचा माग हरवला.

१० नोव्हेंबर १८३४ रोजी ऑलथॉर्प येथे स्पेन्सर यांचे निधन झाले. वारसांच्या वाट्याला ग्रंथांबरोबर कर्जही आले. साठ वर्षांनी, शेतीचे उत्पन्न घटल्यावर, पाचव्या अर्लना संग्रह विकणे भाग पडले. लिलाव झाला असता तर चाळीस हजारांहून अधिक पुस्तके जगभर विखुरली असती. १८९२ मध्ये एनरिकेटा रायलँड्स या विधवा स्त्रीने दोन लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजून सारा संग्रह एकत्र घेतला. पती जॉन रायलँड्स हे कापडाचे बडे व्यापारी. त्यांच्या स्मरणार्थ मँचेस्टरमध्ये ग्रंथालय उभारले जात होते. १९०० मध्ये ते वाचकांसाठी खुले झाले आणि १९७२ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयात विलीन झाले.

मराठी माणसाला मँचेस्टर ठाऊक झाले ते गिरण्यांच्या कापडामुळे. त्याच कापडाच्या पैशातून एका उमरावाच्या बंद कपाटांतील व्हर्जिल आणि होरेस सामान्य अभ्यासकाच्या मेजावर आले. स्पेन्सर यांनी ग्रंथ जमवले ते स्वतःसाठी. त्यांचे सार्थक झाले ते मात्र सर्वांसाठी खुल्या झालेल्या त्या वाचनदालनात.