जवळ जाण्याची विद्या

अमेरिकेत शरद ऋतू लागला की धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणारे लोक जंगलात झाडांवर मचाण बांधून बसतात. पहाटेच्या अंधारात वर चढायचे, वारा कुठून वाहतो ते पाहायचे आणि हरीण टप्प्यात येईपर्यंत तासन्‌तास हलायचे नाही, असा त्यांचा नियम असतो. आपल्या देशात वन्य प्राण्यांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण मी शाळेच्या मैदानावर तिरंदाजी शिकतो, म्हणून या लोकांना ही विद्या कोठून मिळाली ते वाचत गेलो. तो माग मला इशी नावाच्या माणसापर्यंत घेऊन गेला.

इशी कॅलिफोर्नियातील 'याही' या छोट्या आदिवासी जमातीचे. लासेन पर्वताच्या पायथ्याशी, डिअर क्रीक आणि मिल क्रीक या ओढ्यांच्या खोऱ्यांत ही जमात राहत असे. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या शोधात गोऱ्या लोकांचे लोंढे तिकडे आले. जमिनी गेल्या, शिकार आटली आणि पुढच्या वीसेक वर्षांत बंदूकधारी टोळ्यांनी याहींची कत्तल केली. वाचलेली मूठभर माणसे दऱ्यांत लपली आणि सुमारे चाळीस वर्षे लपूनच राहिली. इशींचे बालपण आणि तारुण्य त्यातच गेले. बंदुकीचा एक बार सगळ्यांचा ठावठिकाणा सांगून गेला असता. धनुष्याला आवाज नसतो. त्यांच्यासाठी धनुष्य हे पोट भरण्याचे साधन होते आणि जीव वाचवण्याचेही.

१९०८ मध्ये मोजणीदारांची एक तुकडी त्यांच्या वस्तीवर येऊन धडकली. तेव्हा तेथे चौघेच उरले होते. आलेल्यांनी हाती लागेल ते सामान उचलून नेले. त्या गडबडीत पांगलेली दोन माणसे इशींना पुन्हा भेटली नाहीत आणि आजारी आईही लवकरच वारली. तीन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९११ रोजी, ओरोविल गावाबाहेरच्या कत्तलखान्याजवळ उपाशी, एकटे, सुतकात केस जाळून आखूड केलेले इशी सापडले. त्यांची भाषा कोणालाच येईना. विद्यापीठातून आलेले वॉटरमन शब्दांची यादी वाचत राहिले. अखेर खाटेच्या लाकडाला हात लावून पाइन झाडासाठीचा 'सिविनी' हा शब्द उच्चारताच इशींचा चेहरा उजळला. स्वतःचे नाव परक्याला सांगण्याची त्यांच्यात रीत नव्हती, म्हणून मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी त्यांना 'इशी' म्हटले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त 'माणूस'.

पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिले. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा शिकवणारे डॉ. सॅक्स्टन पोप त्यांचे डॉक्टर झाले, मित्र झाले आणि शिष्यही झाले. एवढा शिकलेला सर्जन धनुष्य कसे घडवायचे आणि बाण कसा सोडायचा हे इशींकडून शिकू लागला.

इशींचे धनुष्य जुनिपरच्या लाकडाचे, साडेतीन फुटांच्या आसपास आणि पाठीवर हरणाचे स्नायू चिकटवलेले. बाणाची टोके ते काळ्या ज्वालामुखी काचेची करत, प्रसंगी बाटलीच्या काचेचीही. दोरी ते अंगठ्याने ओढत. हे वाचताना मला एकलव्याचा अंगठा आठवला.

गंमत अशी की लांबच्या मोठ्या निशाणावर इशींचा नेम साधारणच होता. रंगीत वर्तुळावर दुरून बाण मारणे हा त्यांचा खेळच नव्हता. पण जवळच्या छोट्या, जिवंत लक्ष्यावर त्यांचा बाण क्वचितच चुके. त्यांची खरी ताकद बाण सुटण्याआधीच्या तयारीत होती. शिकारीच्या आदल्या दिवशी ते मासे खात नसत, तंबाखू ओढत नसत. पहाटे ओढ्यात अंघोळ करून सुगंधी पाला अंगाला चोळत, म्हणजे माणसाचा वास जात असे. मग वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने जाऊन हरणांच्या वाटेवर दबा धरत. ओठांत पान धरून पाडसासारखा आवाज काढत. कधी भुसा भरलेले हरणाचे मुंडके डोक्यावर घेऊन झुडपाआडून ते हलवत, आणि कुतूहलाने हरीण आपणच जवळ येई. वीसेक पावलांवर आले की मग बाण. आज मचाणावर बसणारा शिकारी वारा, वास आणि स्तब्धता यांचे हेच नियम पाळतो.

१९१४ च्या मे महिन्यात इशींनी पोप, क्रोबर आणि वॉटरमन यांना आपल्या खोऱ्यात नेले. ज्या लोकांनी आपली जमात संपवली, त्यांच्यातल्याच माणसांना त्यांनी लपण्याच्या जागा आणि शिकारीच्या वाटा दाखवल्या. २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. धनुष्य आणि बाण सोबत ठेवून त्यांचे दहन झाले. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि इशींची विद्या हजारो लोकांपर्यंत पोचली.

ही गोष्ट येथेच संपली असती तर बरे झाले असते. पण निधनानंतर, क्रोबर यांनी पत्राने विरोध केला असतानाही, शवविच्छेदन करून इशींचा मेंदू काढून ठेवण्यात आला. तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत कित्येक दशके पडून होता. २००० मध्ये, ८४ वर्षांनी, तो त्यांच्या नातलग जमातींच्या स्वाधीन झाला. ज्यांनी त्यांच्याकडून इतके घेतले, त्यांच्याच संस्थांनी त्यांचा देह मात्र नमुना म्हणून ठेवला. एकलव्याने गुरुदक्षिणेत अंगठा दिला. येथे तर गुरूकडूनच घेतले गेले.

मित्रांनो, आपण उद्या ज्या सेवेत जाणार आहोत, तेथे अनोळखी प्रदेशात, अनोळखी माणसांत राहावे लागेल. डोंगरातला गुराखी किंवा जंगलातला वाटाड्या आपल्याला जे शिकवेल, ते कोणत्याही पुस्तकात नसेल. त्याच्याकडून शिकताना त्याचे नाव, त्याची रीत आणि त्याचा मान जपणे हे आपले काम आहे. निशाणाच्या जवळ शांतपणे जाणे ही विद्या इशींकडे होती. माणसाच्या जवळही तसेच जावे लागते.