मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ

ख्रिस्ती धर्म म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे दोनच प्रवाह येतात. अमेरिकेत मात्र जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी एक असा पंथ जन्माला आला, जो स्वतःला पूर्णपणे ख्रिस्ती मानतो आणि ज्याला इतर अनेक ख्रिस्ती मंडळ्या आपला मानत नाहीत. जग त्याला मॉर्मन पंथ म्हणून ओळखते. त्याचे अधिकृत नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. मॉर्मन या टोपणनावाऐवजी हे पूर्ण नाव वापरावे, अशी विनंती त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये केली होती. ओळख पटावी म्हणून या लेखात जुनेच नाव ठेवले आहे.

या पंथाच्या श्रद्धांची यादी वाचली तर त्या विचित्र आणि विस्कळीत वाटतात. संस्थापकाचे आयुष्य वाचले की त्या कुठून आल्या ते उमगू लागते. विशेषतः त्यांच्या घरात झालेल्या एका मृत्यूकडे लक्ष दिले तर.

जोसेफ स्मिथ यांचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हरमाँट राज्यातील शॅरन येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. सात वर्षांचे असताना विषमज्वरानंतर त्यांच्या पायाच्या हाडात पू झाला. पाय कापावा लागणार असे दिसत होते, पण एका कुशल शल्यचिकित्सकाने हाडाचा सडलेला भाग काढून पाय वाचवला. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते. वेदना सहन व्हाव्यात म्हणून देऊ केलेली दारू त्या मुलाने नाकारली आणि वडिलांच्या मिठीत बसून शस्त्रक्रिया करून घेतली, असे घरचे सांगत. पुढे आयुष्यभर ते किंचित लंगडत चालत.

१८१६ साली त्या भागात उन्हाळा आलाच नाही. ऐन जूनमध्ये हिमवर्षाव झाला आणि पिके गेली. स्मिथ कुटुंब व्हरमाँट सोडून न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा गावी आले. त्या प्रदेशात तेव्हा धर्मजागृतीचा वणवा पेटला होता. मेथडिस्ट, बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन उपदेशक मोकळ्या मैदानात सभा घेत आणि माणसे आपापल्या मंडळीकडे ओढत. स्मिथांच्या घरातही फूट पडली. आई आणि काही भावंडे प्रेस्बिटेरियन मंडळीत गेली, वडील कुठेच गेले नाहीत. इतके सगळे एकच बायबल हातात धरून भांडतात, तर खरे कोण, हा प्रश्न जोसेफला पडला. १८२० च्या वसंतात, चौदाव्या वर्षी, तो घराजवळच्या झाडीत एकटा प्रार्थनेला गेला. तिथे तेजाच्या स्तंभात देवपिता आणि येशू असे दोन वेगवेगळे पुरुष आपल्याला दिसले आणि कोणत्याही पंथात जाऊ नकोस असे सांगितले गेले, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले. या प्रसंगाचे त्यांचे सर्वांत जुने उपलब्ध लेखन १८३२ चे आहे. पुढच्या काळात त्यांनी तो पुन्हा पुन्हा सांगितला आणि प्रत्येक वेळी तपशील थोडे बदलले. अभ्यासकांमध्ये यावर आजही वाद आहे.

मॉर्मन श्रद्धेचा पहिला मोठा फरक इथेच आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुसंख्य प्रोटेस्टंट ख्रिस्ती त्रैक्य मानतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे असूनही तत्त्वतः एकच देव आहेत, असा चौथ्या शतकातील धर्मसभांनी ठरवलेला सिद्धांत ते स्वीकारतात. मॉर्मन तो स्वीकारत नाहीत. त्यांच्या दृष्टीने हे तिघे वेगवेगळे आहेत, हेतूने एक आहेत, आणि देवपित्याला हाडामांसाचे, पण अमर शरीर आहे. निराकार ईश्वराची कल्पना त्यांच्याकडे नाही.

आता त्या मृत्यूविषयी. अल्विन हा भावंडांत थोरला, कष्टाळू आणि सर्वांचा लाडका होता. आईवडिलांना म्हातारपणी नीट घर असावे म्हणून तो नवे घर बांधत होता. नोव्हेंबर १८२३ मध्ये त्याच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी पाऱ्याचे औषध दिले, ते आतड्यात अडकले आणि काही दिवसांत, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अल्विन गेला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. अंत्यविधीच्या वेळी उपदेशकाने तो नरकात गेला असावा असे सूचित केले, ही आठवण घरच्यांनी पुढे नोंदवली आहे. वडिलांच्या मनात ती कायम सलत राहिली. जोसेफ तेव्हा सतरा वर्षांचे होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोरोनी नावाचा देवदूत आपल्यापुढे प्रकटला, असे जोसेफ यांचे सांगणे होते. जवळच्या टेकडीत पुरलेली सुवर्णपत्रे आहेत आणि त्यांवर अमेरिकेतील प्राचीन लोकांचा इतिहास कोरलेला आहे, असे त्या दूताने सांगितले. पत्रे हाती यायला आणखी चार वर्षे गेली. या काळात जोसेफ मजुरी करत आणि खड्याच्या साहाय्याने गुप्तधन शोधून देण्याचेही काम करत. १८२६ मध्ये यावरून त्यांना न्यायाधीशापुढे उभे राहावे लागले. टीकाकार इथेच बोट ठेवतात. अनुयायांचे म्हणणे असे की ईश्वर माणसाला तो जिथे असेल तिथून उचलतो.

जानेवारी १८२७ मध्ये त्यांनी एमा हेल हिच्याशी तिच्या वडिलांच्या संमतीविना लग्न केले. पत्रे मिळाल्यावर ते सांगत आणि दुसरा कोणीतरी लिहून घेई. आधी एमा, मग मार्टिन हॅरिस हा शेतकरी, शेवटी ऑलिव्हर काउडरी हा शिक्षक. जून १८२८ मध्ये एमाचे पहिले बाळ जन्मले त्याच दिवशी दगावले, आणि त्याच सुमारास हॅरिसने घरी दाखवायला नेलेली हस्तलिखिताची ११६ पाने हरवली. ती कधीच सापडली नाहीत. तरी १८२९ च्या उन्हाळ्यात काम पुरे झाले. मार्च १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' छापून आले. ५००० प्रती, खर्च ३००० डॉलर, आणि त्यासाठी हॅरिसने आपली शेती गहाण टाकली. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने या व्यवहारापाशी अडखळलो. पुस्तक खपले नाही आणि त्याची जमीन गेली.

६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील फेयेट येथे सहा सभासदांच्या नावे मंडळीची स्थापना झाली. इतर ख्रिस्ती मंडळ्यांच्या मते देवाची वाणी बायबलात पूर्ण झाली आहे. मॉर्मन बायबलासोबत आणखी तीन ग्रंथ प्रमाण मानतात, आणि त्यांच्या मते वाणी अजून थांबलेली नाही. पहिल्या प्रेषितांनंतर खरा अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला, तो जोसेफ यांच्याद्वारे पुन्हा आला आणि आजही मंडळीचा अध्यक्ष जिवंत संदेष्टा असतो, अशी त्यांची धारणा आहे. प्रोटेस्टंट सुधारकांना जुनी मंडळी दुरुस्त करायची होती. हे दुरुस्ती नव्हे, पुनःस्थापना म्हणतात.

यामुळे शेजारी भडकले. मंडळी ओहायोला गेली. मार्च १८३२ मध्ये हायरम गावी जमावाने रात्री जोसेफ यांना घरातून ओढून काढले, अंगाला डांबर फासले आणि पिसे चिकटवली. मित्रांनी रात्रभर ते डांबर खरवडून काढले आणि सकाळी ते उपदेशाला उभे राहिले. या जोडप्याने दत्तक घेतलेल्या जुळ्यांपैकी गोवराने आजारी असलेले बाळ त्या रात्रीच्या गारठ्यानंतर काही दिवसांत वारले.

त्याच गावी, महिनाभर आधी, परलोकाविषयीचा दर्शनानुभव नोंदवला गेला होता. एक स्वर्ग आणि एक नरक अशी सरळ विभागणी त्यात नाही. सूर्य, चंद्र आणि तारे यांच्या तेजाप्रमाणे वैभवाचे तीन लोक आहेत आणि जवळजवळ प्रत्येक जीवाला त्यांपैकी एक मिळतो. सर्वोच्च लोकासाठी मी आधी मोक्ष हा शब्द योजला होता, पण तो खोडला. कारण त्यांच्या कल्पनेत जीव ईश्वरात विलीन होत नाही, तो आपल्या नावागावासह आणि कुटुंबासह राहतो. तसेच जन्मापूर्वी आत्मा ईश्वराजवळ होता असे ते मानतात, मात्र जन्म एकदाच. पुनर्जन्म ते मानत नाहीत.

जानेवारी १८३६ मध्ये कर्टलंड येथील मंदिर पूर्णत्वाला येत असताना जोसेफ यांना दर्शन झाले की अल्विन सर्वोच्च लोकात आहे. बाप्तिस्मा नसताना हे कसे, याचे त्यांना आश्चर्य वाटले. संधी मिळाली असती तर ज्यांनी सत्य स्वीकारले असते, त्यांनाही तो लोक आहे, असे उत्तर त्यांना लाभले. त्या वेळी त्यांचे वृद्ध वडील त्याच खोलीत बसले होते. अंत्यविधीतले ते शब्द ऐकून बारा वर्षे झाली होती.

कर्टलंडमध्येच त्यांनी एक पतसंस्था काढली. राज्याचा परवाना मिळाला नाही, तरी नोटा काढल्या. १८३७ च्या मंदीत ती बुडाली, लोकांची पुंजी गेली आणि अनेक जवळचे सहकारी सोडून गेले. मिसुरीत तर रक्तपात झाला. ऑक्टोबर १८३८ मध्ये तिथल्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्याबाहेर हाकलावे किंवा संपवावे असा आदेश काढला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल येथे १७ जण मारले गेले. जोसेफ यांनी तो हिवाळा तुरुंगात काढला. नंतर इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीकाठी दलदल उपसून नॉवू हे शहर वसले.

तिथे १८४० मध्ये एका अंत्यविधीत त्यांनी मृतांसाठी बाप्तिस्म्याची शिकवण मांडली. जिवंत नातेवाइकाने मृताच्या नावे पाण्यात उतरायचे, स्वीकारायचे की नाही हे त्या आत्म्याने ठरवायचे. पौलाच्या एका पत्रात याचा ओझरता उल्लेख आहे, पण इतर बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांनी त्यावर विधी उभारला नाही. सुरुवातीला हे विधी नदीतच होत. अल्विनच्या नावाने भाऊ हायरम उतरला. पुढे मंदिरात असाच आणखी एक विधी आला, पतीपत्नी आणि मुले यांना अनंतकाळासाठी जोडणारा. इतर ख्रिस्ती विवाह मृत्यूपाशी संपतो, यांचा संपत नाही.

याच शिकवणीच्या सावलीत बहुपत्नीत्व वाढले. हा भाग गाळून चरित्र लिहिता आले असते, पण ते प्रामाणिक झाले नसते. जोसेफ यांनी गुप्तपणे तीस-चाळीस स्त्रियांशी विवाह केले. काही आधीच विवाहित होत्या, एक तर पंधरा वर्षांचीही नव्हती. मंडळीने स्वतः २०१४ मध्ये हे प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मान्य केले आहे. एमा त्यांच्या महिला संस्थेची पहिली अध्यक्षा होती आणि तिला यातले बरेचसे लपवून ठेवले गेले होते. कुटुंब अनंतकाळ एकत्र राहावे म्हणून झटणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात हे केले, याची संगती मला लावता आलेली नाही.

जून १८४४ मध्ये मंडळी सोडलेल्या काहींनी वर्तमानपत्र काढून ही गोष्ट उघड केली. जोसेफ तेव्हा शहराचे महापौर होते. नगरपरिषदेने तो छापखाना उद्ध्वस्त करवला. त्यावरून ते आणि हायरम कार्थेजच्या तुरुंगात गेले. २७ जूनच्या संध्याकाळी तोंडाला काळे फासलेला जमाव जिना चढून आला. आधी हायरम पडला, मग खिडकीतून बाहेर पडताना जोसेफ. ते ३८ वर्षांचे होते.

बहुसंख्य अनुयायी ब्रिगहॅम यंग यांच्यामागे पश्चिमेला निघाले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. एमा गेली नाही. ती नॉवूलाच राहिली आणि १८७९ मध्ये वारली. बहुपत्नीत्वाची प्रथा बंद करण्याची घोषणा मंडळीने १८९० मध्ये केली. कॅथलिक चर्चने २००१ मध्ये मॉर्मन बाप्तिस्मा वैध नाही असा निर्णय दिला, कारण शब्द तेच असले तरी पिता, पुत्र, आत्मा यांचा अर्थ वेगळा आहे.

आपल्याकडे ते फार लवकर आले. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि पुण्यातही राहिला, पण मोजकेच लोक त्याला मिळाले.

मृतांसाठी विधी करायचा तर नाव, जन्म आणि मृत्यू ठाऊक हवेत. म्हणून मॉर्मनांनी जगभरच्या वंशावळी जमवल्या. त्यावरून वादही झाले. नाझी छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंच्या नावे विधी झाल्याचे कळल्यावर ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला आणि १९९५ मध्ये ते थांबवण्याचा करार झाला. त्र्यंबकेश्वरला क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही ज्यांनी पाहिली असेल, त्यांना नावे जपण्याचे मोल सांगायला नको. युटातील त्यांच्या वंशावळी संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांकडच्या अशाच वह्यांची पानेही मायक्रोफिल्मवर उतरवून ठेवली आहेत.