देणगीदारांची विद्यापीठे आणि व्हेब्लेन

शिकागो विद्यापीठात १८९२ साली अध्यापन सुरू झाले, ते जॉन रॉकफेलर या तेलसम्राटाच्या पैशावर. त्याच वर्षी थॉर्स्टीन व्हेब्लेन तेथे अर्थशास्त्र शिकवू लागला. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. १८८४ साली येलची डॉक्टरेट मिळवूनही पुढे सात वर्षे त्याला कोणी नोकरी दिली नव्हती.

शिकागोचा धडा त्याला लवकरच पाहावयास मिळाला. १८९४ च्या पुलमन रेल्वे संपाच्या काळात एडवर्ड बेमिस या सहकाऱ्याने रेल्वे कंपन्यांविरुद्ध चार शब्द जाहीरपणे सुनावले. दुसऱ्याच वर्षी त्याला जावे लागले. त्याच्या मतांशी याचा संबंध नाही, असा खुलासा विद्यापीठाने केला. असे खुलासे नेहमीच होतात. पुढे १८९९ मध्ये व्हेब्लेनने धनिकांच्या दिखाऊ उधळपट्टीची शास्त्रीय थाटात खिल्ली उडवणारा ग्रंथ लिहून कीर्ती मिळवली. पण १९०६ मध्ये शिकागो सोडताना तो सहायक प्राध्यापकच होता.

याचे खापर केवळ धनिकांवर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. व्हेब्लेन वर्गात पुटपुटत असे, विद्यार्थ्यांना सरसकट सारखेच गुण देई आणि त्याच्या खाजगी आयुष्याबद्दल प्रवाद उठत. १९०९ मध्ये स्टॅनफर्डही त्याला सोडावे लागले, ते मुख्यतः या प्रवादांमुळेच.

अमेरिकेतील उच्च शिक्षणावरचे त्याचे पुस्तक १९१८ मध्ये निघाले. नियामक मंडळांवर पूर्वी धर्मोपदेशक असत. त्यांच्या जागी व्यापारी आले आणि विद्येचे मोल खतावणीच्या हिशेबाने ठरू लागले, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. विद्यार्थिसंख्या, इमारती, जाहिरातबाजी यांचीच स्पर्धा लागते. अध्यक्ष दुकानाचा व्यवस्थापक बनतो. कोणी हुकूम सोडावा लागत नाही. बढती कोणाला मिळते हे पाहून प्राध्यापक आपणच जीभ आवरतात. नियामक मंडळ आणि अध्यक्षपद दोन्ही मोडीत काढा, हा त्याचा उपाय अव्यवहार्य होता. रोगाचे निदान मात्र अचूक होते.

या निदानाला ताजा आधारही होता. युद्धविरोधी भूमिकेबद्दल कोलंबिया विद्यापीठाने १९१७ मध्ये दोन प्राध्यापकांना काढले, तेव्हा इतिहासकार चार्ल्स बिअर्डने निषेधार्थ राजीनामा दिला. बिअर्ड, रॉबिन्सन, ड्यूई प्रभृतींनी १९१९ मध्ये न्यूयॉर्कला ‘न्यू स्कूल’ ही स्वतंत्र संस्था उघडली. (यांपैकी ड्यूई आणि रॉबिन्सन हे डॉ. आंबेडकर कोलंबियात असताना तेथे अध्यापक होते.) व्हेब्लेनही तेथे शिकवू लागला. पण या संस्थेलाही सुरुवातीचा मोठा आधार होता तो व्हिटनी या धनाढ्य घराण्यातील डोरोथी स्ट्रेट यांच्या देणगीचा! देणगीदाराला नाकारून बाहेर पडलेल्यांना दुसरा, अधिक उदार देणगीदारच शोधावा लागला. हा पेच व्हेब्लेनला सुटला नाही.

उतारवयात अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्याच्याकडे चालून आले. गरज होती तेव्हा ते मिळाले नाही, म्हणून त्याने ते नाकारले. ३ ऑगस्ट १९२९ रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले. आपली रक्षा पाण्यात सोडावी आणि आपल्या नावाचे कोणतेही स्मारक उभारू नये, असे तो लिहून ठेवून गेला होता.