मेरी वुलस्टनक्राफ्ट : शेवटचे अकरा दिवस

‘फ्रँकेन्स्टाइन’मुळे मेरी शेली आपल्याला माहीत असते. तिच्या आईबद्दल नोट्समध्ये एकच ओळ : स्त्रीहक्कांवर लिहिणारी, मुलीच्या जन्मानंतर गेली. कशी गेली, तिथे मी अडकले.

मेरी वुलस्टनक्राफ्ट १७५९ मध्ये लंडनला जन्मली. बाप दारू पिऊन आईला मारायचा. शाळा चालवून, गव्हर्नेस होऊन शेवटी ती लेखणीवर पोट भरू लागली. १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवरचं तिचं गाजलेलं पुस्तक आलं. बायकांनी वैद्यकी शिकावी असं त्यात ती सांगते, आणि सुईणीचं काम पुरुषांकडे चाललंय याची खंतही करते. बाळंतपणात काय होऊ शकतं हे तिने पाहिलं होतं. १७८५ मध्ये जिवलग मैत्रीण फॅनी ब्लडसाठी ती जहाजाने लिस्बनला गेली, आणि फॅनी बाळंतपणातच दगावली. पुढे स्वतःच्या पहिल्या मुलीचं नाव तिने फॅनीच ठेवलं. फ्रान्समधलं ते बाळंतपण सोपं गेलं.

म्हणून १७९७ मध्ये, दुसऱ्या वेळी, तिला फक्त सुईणच हवी होती. आलेली बाई अडाणी नव्हती, वेस्टमिन्स्टरच्या प्रसूती रुग्णालयातली अनुभवी सुईण होती. ३० ऑगस्टच्या रात्री मुलगी झाली, पण वार पडेना. सुईणीने सांगितलं, आणि नवरा विल्यम गॉडविन त्याच रुग्णालयाच्या डॉक्टरांना आणायला धावला. डॉक्टरांनी आत हात घालून वार तुकड्यातुकड्यांनी काढली. भूल नव्हतीच. रक्त वाहत राहिलं, ती पुन्हापुन्हा बेशुद्ध पडली.

मग थोडं बरं वाटलं. रविवारी मात्र हुडहुडी भरली. बाळंतज्वर. बाळाला दूर नेलं आणि तिचं दूध काढायला कुत्र्याची पिल्लं लावली. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

दोष कुणाचा? माझ्या मते सुईणीचा तर नाहीच, आणि डॉक्टरांना बोलावणंही चूक नव्हतं. अडकलेली वार तशीच राहिली तर रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो. पण हात धुण्याची पद्धत नव्हती, आणि जंतू बहुधा त्या हातासोबतच आत गेले. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ॲबरडीनच्या अलेक्झांडर गॉर्डन या डॉक्टरने दोनच वर्षं आधी, १७९५ मध्ये, लिहून ठेवलं होतं की हा ताप सुईणी आणि डॉक्टरच एका बाळंतिणीकडून दुसरीकडे नेतात. स्वतःचंही नाव त्याने त्यातून वगळलं नाही. लोक त्याच्यावरच उलटले. व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले ते १८४७ मध्ये, आणि त्यालाही सहजासहजी कुणी मानलं नाही.

मेरी १० सप्टेंबरला सकाळी गेली, ३८ वर्षांची. गॉडविन रोज डायरी लिहायचा. त्या दिवशी त्याने फक्त वेळ टिपली, आठला वीस मिनिटं कमी. पुढे नुसत्या रेघा आहेत.