मार्कोनी : क्षीण संदेश पकडणारा माणूस



नांदेड-लातूरकडं आजही एखाद्या घरात जुना ट्रान्झिस्टर सापडतो. तो खरखरायला लागला की आपण त्याला खिडकीत नेतो, फिरवून बघतो, तार जोडून उंचावर टांगतो. आवाज सुधारतो. असं का होतं, हे मुलांना सांगायचं तर मार्कोनींची गोष्ट सांगावी.

गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. घराच्या माळ्यावरच त्यांचे प्रयोग चालत. सुरुवातीला संदेश फार लांब जाईना. १८९५ मध्ये त्यांनी तारेचं एक टोक उंच टांगलं, दुसरं जमिनीत पुरलं. मग संदेश टेकडीपलीकडं पोचला. तिकडं उभ्या असलेल्या भावानं बंदुकीचा बार काढून तसं कळवलं!

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये वादळी वाऱ्यात त्यांनी पतंगाला तार बांधून उडवली. इंग्लंडहून सुमारे ३४०० किलोमीटरवरून आलेले तीन ठिपके ऐकल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्यावर आजही वाद आहे. त्या वेळी वापरलेल्या पाऱ्याच्या ग्राहकासारखं उपकरण जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्येच मांडलं होतं. म्हणून सगळं श्रेय एकट्या मार्कोनींना देऊ नये. १९०९ चं नोबेलही त्यांना ब्राउन यांच्यासोबत विभागूनच मिळालं.

पुढं त्यांना कळलं, की नुसती ताकद वाढवून भागत नाही. बॅटरीचा झोत जसा एका दिशेला पडतो, तशा लहरीही वळवायला हव्यात. या 'बीम' पद्धतीनं १९२७ मध्ये भारत-इंग्लंड सेवा सुरू झाली. संदेश पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि घ्यायचं दौंडला. लातूरहून मुंबईला जाताना लागतं, तेच हे दौंड!

उतारवयात त्यांनी मुसोलिनीच्या राजवटीला साथ दिली, हेही मुलांपासून लपवू नये. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचं निधन झालं.

उंची, जमीन, दिशा. सीबी रेडिओ असो की वॉकीटॉकी, क्षीण संदेशासाठी आधी हेच बघतात.

एक उपक्रम घ्या. मीडियम वेव्हवर दूरचं केंद्र लावा आणि ट्रान्झिस्टर सावकाश फिरवा. आतल्या फेराइटच्या कांडीमुळं आवाज कमी-जास्त होईल. कारण मुलांनाच शोधू द्या. वर्गात मागं बसणाऱ्या, हळू बोलणाऱ्या मुलाला आधी विचारा. त्याचं उत्तर ऐकू आलं नाही, तर आपणच दोन पावलं जवळ जाऊ.