मेरी स्लेसर : कॅलाबारची 'मा'

सेवाभावी व्यक्तीचे चरित्र वाचताना आपण त्याग, करुणा, समर्पण असे गुण सहज टिपतो. पण त्या व्यक्तीचा एकेक दिवस कसा जात असे, हे विचारायचे राहून जाते. या घटकात आपण मेरी स्लेसर यांचे चरित्र पाहणार आहोत. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागात, कॅलाबार परिसरात, त्यांनी सुमारे ३८ वर्षे काम केले. वाचताना त्यांच्या दिनक्रमाकडे विशेष लक्ष द्या.

जडणघडण

मेरी यांचा जन्म २ डिसेंबर १८४८ रोजी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे झाला. वडील जोडे शिवत. त्यांना दारूचे व्यसन होते. पुढे हे कुटुंब डंडी या गिरणगावात आले. बंगालहून येणाऱ्या तागावर डंडीच्या अनेक गिरण्या चालत, हे आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. वयाच्या ११ व्या वर्षी मेरी कापडगिरणीत लागल्या. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा, असा त्यांचा क्रम होता. काही वर्षांतच त्या दिवसाचे बारा तास मागावर उभ्या राहू लागल्या. कष्ट, दारिद्र्य आणि व्यसनी पुरुषाचा घरातील धाक यांची ओळख त्यांना आफ्रिकेत जाण्यापूर्वीच झाली होती. १८७६ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या शिक्षिका म्हणून कॅलाबारला पोहोचल्या.

भाषा आणि राहणी

तेथील एफिक ही सूरभेदक भाषा आहे. म्हणजे स्वर उंच की खालच्या सुरात उच्चारला यावरून शब्दाचा अर्थ बदलतो. अशी भाषा केवळ पुस्तकातून येत नाही. मेरी ती बाजारात, अंगणात आणि स्त्रियांच्या घोळक्यात शिकल्या. पुढे त्या एफिकमध्ये वाद घालू शकत, थट्टा करू शकत आणि प्रसंगी खडसावूही शकत. त्या स्थानिक अन्न खात आणि वाचलेले पैसे आईला पाठवत. केस आखूड कापून, अनवाणी हिंडणाऱ्या या स्त्रीला लोक 'मा' म्हणू लागले. १८८६ पर्यंत आई आणि दोन्ही बहिणी निवर्तल्या. स्कॉटलंडमधील घर उरले नाही. १८८८ मध्ये त्या अंतर्भागातील ओकोयाँग प्रदेशात राहावयास गेल्या.

जुळ्यांचा प्रश्न

जुळ्यांपैकी एक मूल दुष्ट शक्तीचे असते, अशी तेथे समजूत होती. ते कोणते हे ठरवता येत नसल्याने दोन्ही अर्भके मातीच्या मडक्यात घालून रानात टाकत आणि मातेला वस्तीबाहेर काढत. कॅलाबारच्या प्रमुखांनी १८७८ मध्ये ब्रिटिश प्रतिनिधीशी करार करून ही प्रथा बंद करण्याचे मान्य केले होते. मात्र करार झाल्याने मनातील भीती जात नाही. मेरी यांनी टाकलेली मुले उचलून घरी आणली, त्यांच्या मातांना आसरा दिला आणि ही मुले इतर मुलांसारखीच वाढतात, हे शेजाऱ्यांना रोज पाहू दिले.

एक दिवस, अनेक कामे

हे घर म्हणजे मातीच्या भिंतींच्या खोल्या होत्या. तान्ह्या मुलांना झोळ्यांत निजवत. झोळ्यांच्या दोऱ्या मेरी यांच्या बिछान्यापर्यंत आणलेल्या असत. रात्री कोणी रडले की पडल्या पडल्या दोरी ओढून झोका देता येई. दिवस उजाडला की मुलांना न्हाऊ घालणे, दूध पाजणे, दाराशी आलेल्यांच्या जखमा धुऊन औषध देणे, शाळा घेणे आणि भिंती लिंपणे ही कामे चालत. तंटे ऐकताना त्यांच्या हातात विणकाम असे. अधूनमधून हिवताप त्यांना अंथरुणाला खिळवी. पुष्कळ अर्भके वाचली नाहीत; त्यांना पुरण्याचे कामही याच दिनक्रमाचा भाग होते. जी वाचली त्यांतील काहींना त्यांनी दत्तक घेतले. १८९१ च्या सुमारास एका सहकारी शिक्षकाशी त्यांचा विवाह ठरला होता. त्याच्या प्रकृतीला ओकोयाँग मानवण्यासारखे नव्हते आणि मेरी यांना ते सोडायचे नव्हते. विवाह झाला नाही.

अधिकार आणि मूल्यमापन

१८९२ मध्ये ब्रिटिश शासनाने त्यांना ओकोयाँगमध्ये उपवाणिज्यदूत नेमून न्यायदानाचे अधिकार दिले. स्त्रीला असे पद मिळणे त्या काळी अपूर्व होते. येथे आपण थोडे थांबले पाहिजे. विषारी बियांच्या दिव्याला त्यांनी विरोध केला आणि पीडित स्त्रियांची बाजू घेतली, हे खरे. त्याचबरोबर त्यांच्या आसनामागे एक साम्राज्य उभे होते आणि त्यांच्या विश्वासार्हतेच्या आधारे ते अंतर्भागात पसरत होते, हेही खरे. चरित्र वाचताना यांपैकी एक सत्य स्वीकारून दुसरे झाकण्याचा मोह टाळावा. दत्तक घेतलेल्या मुलींना आई मिळाली हे वास्तव साम्राज्याच्या टीकेने पुसले जात नाही, आणि त्या मातृत्वामुळे साम्राज्य निर्दोषही ठरत नाही.

१३ जानेवारी १९१५ रोजी मेरी यांचे निधन झाले. कॅलाबार येथे त्यांची समाधी आहे. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधील एका बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

स्वाध्याय

१. डंडीतील बालपण आणि ओकोयाँगमधील कार्य यांचा संबंध स्पष्ट करा.

२. प्रथा बदलण्यासाठी कायदा आणि सहवास यांपैकी अधिक परिणामकारक काय ठरले, ते या चरित्राच्या आधारे लिहा.